खाण्याच्या तऱ्हा: प्रस्तावना

पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत एड्रिॲटिक समुद्रातली मासेमारी फार मंदावली होती. पुढे उम्बेर्तो द'आंकोना या इटालियन प्राणिशास्त्रज्ञाने त्रिएस्ते, फ्यूमे आणि व्हेनिस इथल्या मासळीबाजारांचे आकडे तपासले, तेव्हा त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. युद्धकाळात बाजारात आलेल्या मासळीत मुशी, पाखट अशा शिकारी माशांचा वाटा वाढला होता. जाळी कमी पडल्यावर लहानथोर सगळ्याच माशांचे फावायला हवे होते. मग शिकाऱ्यांचेच का फावले? द'आंकोनाचे सासरे व्हितो व्होल्तेरा हे नामांकित गणिती. त्यांनी १९२६ साली या प्रश्नाचे उत्तर दोन समीकरणांत मांडले. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका आदल्याच वर्षी, स्वतंत्रपणे, त्याच जागी येऊन पोहोचला होता. भक्ष्य वाढले की भक्षक वाढतात, भक्षक वाढले की भक्ष्य घटते, मग भक्षक उपाशी मरतात आणि फेरा पुन्हा सुरू होतो. मासेमारी या दोघांनाही मारते. ती थांबली की, गणिताप्रमाणे, लाभ भक्षकाच्या पदरात पडतो.

प्राण्यांच्या संख्येचा विचार गणिताने करता येतो, हे या समीकरणांनी पटवून दिले. पण त्यांतला भक्षक जरा निरखून पाहिला तर मोठा अजब प्राणी निघतो. त्याला भूक आहे, आवड नाही. जेवढे भक्ष्य गाठ पडेल तेवढे तो त्याच प्रमाणात गिळत जातो. त्याचे पोट भरत नाही. भक्ष्य पकडण्यात, सोलण्यात, पचवण्यात त्याचा वेळ जात नाही. इथले संपत आले म्हणून तो दुसरीकडे जात नाही, आणि आपल्यालाही कोणी खाईल ही धास्ती त्याला नसते. असा प्राणी ना समुद्रात आहे ना जमिनीवर. व्होल्तेरांना ते ठाऊक नव्हते असे नाही; सुरुवात कुठून तरी करायची म्हणून त्यांनी प्राण्याचा प्राणीपणा बाजूला ठेवला. पुढच्या पानांत जे लेख आहेत ते या बाजूला ठेवलेल्या गोष्टींबद्दल आहेत.

शाळेत आपण सगळ्यांनी गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड ही साखळी बाण काढून पाठ केली. मराठीत हा विषय बहुधा त्या बाणांपाशीच थांबतो. कोण कोणाला खातो एवढे त्यातून कळते. तो कसा खातो, केव्हा खातो, कोणता भाग टाकतो, काय मिळेनासे झाले की कशाकडे वळतो, हे कळत नाही. आणि एकाच रानात, एकाच खडकावर, एकाच मेलेल्या बैलाभोवती इतक्या जातींचे प्राणी एकमेकांना संपवल्याशिवाय पिढ्यान् पिढ्या कसे टिकतात याचे उत्तर बऱ्याच अंशी या ‘कसे’मध्येच आहे. निसर्ग समतोल राखतो, असे आपण भाषणांतून फार सहज म्हणून जातो. समतोल राखायला कोणी नेमलेला नसतो. प्रत्येक जण आपापले पोट भरत असतो, आणि त्या पोट भरण्याच्या रीतींतून कधी शेजार टिकतो, कधी मोडतो.

मोडतो तो कसा, हे गेओर्गी गाउझे या तरुण रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोत काचेच्या नळ्यांमध्ये दाखवले. पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती त्याने एकाच नळीत, एकाच प्रकारच्या जिवाणूंवर वाढवल्या. वेगवेगळ्या नळ्यांत दोघी सुखाने वाढत होत्या. एकत्र आल्यावर एक वाढत गेली आणि दुसरी संपली. १९३४ च्या त्याच्या पुस्तकामुळे हा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच ताटावर जेवणाऱ्या दोन जाती कायमच्या एकत्र नांदू शकत नाहीत, असे सूत्र त्यातून निघाले आणि ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. गाउझेचा दुसरा प्रयोग त्या मानाने उपेक्षित राहिला. त्यात त्याने हरलेल्या जातीची गाठ तिसऱ्याच एका जातीशी घालून दिली. ही तिसरी जात नळीच्या तळाशी बसलेले यीस्ट खायची. तिच्या पेशीत हिरवे शैवाल राहते, त्यामुळे तळाच्या कमी प्राणवायूतही तिचे भागते. वरच्या थरात एक, तळाला दुसरी, अशा दोघी टिकल्या. नळी तीच होती आणि खाद्यही जवळपास तेच. खाण्याची जागा बदलली आणि निकाल फिरला.

प्रयोगशाळेतल्या नळीत हे ठीक. मोकळ्या रानात याची पडताळणी कशी करायची? रॉबर्ट मॅकआर्थर या येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने त्यासाठी अमेरिकेच्या ईशान्येकडची, मेन आणि व्हर्माँट राज्यांतली स्प्रूसची जंगले निवडली. या झाडांवर वॉर्बलर पक्ष्यांच्या पाच जाती उन्हाळ्यात एकत्र असतात. आपल्याकडच्या वटवट्यांसारखेच हे चिमुकले, चपळ, किडे टिपणारे पक्षी. पाचही जवळजवळ एका मापाचे, एकाच झाडावर, आणि खाणेही मुख्यतः अळ्या नि किडे. गाउझेच्या सूत्राप्रमाणे पाचांतले चार केव्हाच संपायला हवे होते. निदान काही पक्षितज्ज्ञांना तरी वाटत होते की इथे ते सूत्र लागूच पडत नाही.

मॅकआर्थरने झाडाचे भाग पाडले. शेंड्यापासून खाली दर दहा फुटांचा एक पट्टा, आणि प्रत्येक पट्ट्यात फांदीचे तीन तुकडे: बुंध्याजवळचा उघडा, दगडफूल धरलेला भाग; मधला जुन्या पानांचा; आणि टोकाचा नव्या कोवळ्या पानांचा. मग कोणता पक्षी कोणत्या भागात किती सेकंद रमतो याची नोंद. सेकंद हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. हा पक्षी एका जागी क्षणभर टिकत नाही, तो पानाआड गेला की मोजणी तुटते, आणि स्प्रूसच्या गर्द फांद्यांत तो बहुतेक वेळ पानाआडच असतो. अशा तुकड्या-तुकड्यांतून १९५८ साली जो प्रबंध प्रसिद्ध झाला त्यात पाच झाडांची चित्रे आहेत, प्रत्येकावर एकेका जातीच्या आवडत्या जागा काळ्या केलेल्या. केप मे वॉर्बलर शेंड्याच्या बाहेरच्या टोकांवर, ब्लॅकबर्नियनही उंचावर, काळ्या गळ्याचा हिरवा वॉर्बलर मधल्या उंचीवर, बाहेरच्या कोवळ्या पानांत, बे-ब्रेस्टेड मध्यावर पण आतल्या बाजूला, आणि मर्टल वॉर्बलर खालच्या फांद्यांपासून जमिनीपर्यंत कुठेही.

मला या प्रबंधात जागांपेक्षा चालींचा भाग जास्त मोलाचा वाटतो, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. केप मे झाडावर खाली-वर फिरतो. हिरवा वॉर्बलर एका फांदीवरून शेजारच्या फांदीवर, झाडाला वळसा घालत जातो आणि पानाखालचा किडा हवेत थरथरत राहून टिपतो. बे-ब्रेस्टेड मात्र सावकाश, एकाच फांदीवर खोडाकडून टोकाकडे सरकतो. म्हणजे या दोघांच्या सीमा जिथे एकमेकींत मिसळतात तिथेही त्यांना सारखेच किडे सापडत नाहीत, कारण पानाकडे पाहण्याची दोघांची बाजू वेगळी. स्प्रूसच्या कळ्या खाणाऱ्या अळ्यांची साथ येते त्या वर्षी केप मे आणि बे-ब्रेस्टेड यांची चंगळ होते. साथ नसते तेव्हा बाकीचे वरचढ ठरतात. पाचांचा हिशेब एका उन्हाळ्यात मिटत नाही, तो वर्षानुवर्षे इकडून तिकडे झुकत राहतो.

आता आपल्याकडचे उदाहरण. आज चाळिशी ओलांडलेल्या ज्या वाचकांचे बालपण खेड्यात गेले त्यांनी गावाबाहेर टाकलेल्या जनावरावर गिधाडांची पंगत उठताना पाहिली असेल. दुरून तो नुसता गोंधळ दिसतो. हान्स क्रूक या डच शास्त्रज्ञाने सेरेंगेटीतल्या सहा जातींच्या गिधाडांचा असाच गोंधळ बारकाईने पाहिला आणि १९६७ साली दाखवून दिले की त्यात तीन तऱ्हा आहेत: ओढणारे, फाडणारे आणि टिपणारे, प्रत्येकी दोन जाती. ओढणाऱ्यांची मान लांब आणि उघडी, जीभ खरखरीत. ती मान पोटाच्या भगदाडात घालून मऊ मांस, आतडी बाहेर खेचतात. फाडणाऱ्यांची कवटी रुंद, चोच जाड. कातडे आणि स्नायूंचे चिवट दोर त्यांच्या वाट्याला. टिपणारे अंगाने लहान, चोच बारीक. ते कडेकडेने फिरत उडालेले तुकडे आणि हाडांना चिकटलेले अवशेष वेचतात.

भारतातली गिधाडेही याच तीन तऱ्हांत बसतात. पांढऱ्या पाठीचे आणि लांब चोचीचे ही दोन्ही ओढणारी. एक झाडावर घरटे करते, दुसरे सह्याद्रीसारख्या डोंगरांच्या कड्यांवर. लाल डोक्याचे राजगिधाड फाडणारे. ते थव्याने येत नाही, एकटेदुकटे नाहीतर जोडीने येते. आणि मळकट पांढरे, पिवळ्या तोंडाचे छोटे इजिप्शियन गिधाड टिपणारे. हिमालयात गेलात तर चौथी तऱ्हाही दिसते. तिथले दाढीवाले गिधाड सगळे उरकल्यावर येते, हाड उचलून उंच नेते, खडकावर टाकून फोडते आणि तुकडे गिळते. खेड्यात ढोराचे कातडे आधीच सोललेले असायचे, त्यामुळे ओढणाऱ्यांना फाडणाऱ्याची वाट पाहावी लागत नसे. माणसाच्या एका सवयीने एका तऱ्हेचे काम सोपे केले होते.

दुसऱ्या एका सवयीने सगळ्यांचाच घात केला. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरले तर गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९.९ टक्के नाहीसे झाले. भारताने २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर बंदी घातली, तोवर बराच उशीर झाला होता. ढोरे मरायची थांबली नव्हती, म्हणजे अन्न होतेच. त्यावर भटकी कुत्री पोसली गेली. अन्नजाळ्याच्या आकृतीत गिधाडाच्या जागी कुत्रा लिहिला तर बाण तसाच राहतो, पण बाणामागचे वागणे पार बदलते. गिधाड आकाशातून कित्येक मैलांवरचे मढे हेरते, थव्याने उतरते, अंगठ्याएवढा तुकडा ठेवत नाही, आणि निघून जाते. कुत्रे तिथेच राहते, पिल्ले घालते, रात्री वस्तीत येते, आणि मढे नसेल त्या दिवशी जिवंत काही मिळते का ते पाहते.

शिकाऱ्यांचे काय? कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे एकत्र राहतात. उल्हास कारंथ आणि मेल सनक्विस्ट यांनी तिथे विष्ठा आणि मारलेली जनावरे यांवरून तिघांचा आहार तपासला. निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. तिघांच्या यादीत नावे बरीचशी तीच आहेत: गवा, सांबर, चितळ, रानडुक्कर, भेकर. पण वाघाच्या मुख्य भक्ष्याचे सरासरी वजन ९१.५ किलो, रानकुत्र्यांच्या ४३.४ किलो आणि बिबट्याच्या ३७.६ किलो. वाघाचा कल गव्याकडे होता. बिबट्याने रानडुकराच्या वाटेला जायचे टाळले होते, आणि रानकुत्र्यांच्या खाण्यात भेकर उपलब्धतेच्या मानाने कमी होते. वाघ नि बिबट्या दबा धरून झेप घेणारे, रानकुत्रे उजेडात टोळीने पाठलाग करणारे. शेजारी शेजारी राहणारे हे तिघे भांडतातही. वाघ बिबट्याला मारतो, रानकुत्र्यांची टोळी बिबट्याला झाडावर चढवते. पण जोवर रानात गव्यापासून भेकरापर्यंत सगळ्या मापांचे जनावर भरपूर आहे, तोवर प्रत्येकाला आपल्या मापाचे काही ना काही सापडते. सांबर आणि गवे चोरट्या शिकारीने संपले, तर वाघाला चितळावर उतरावे लागेल, आणि चितळावर तर आधीच दोघे बसलेले आहेत. वनखात्याने वाघ मोजावेत, जरूर मोजावेत; गवे आणि सांबरे मोजण्याकडेही तितकेच लक्ष असावे, असे माझे मत आहे.

इथवरच्या उदाहरणांत प्रत्येक जातीची तऱ्हा जणू ठरलेली आहे. प्राणी इतके ठोकळेबाज नसतात. सी. एस. हॉलिंग या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने १९५९ च्या आसपास एक गमतीचा प्रयोग केला. टेबलावर सँडपेपरच्या चकत्या टाचून ठेवल्या आणि डोळे बांधलेल्या मदतनिसाला बोटांनी चाचपून त्या शोधायला, उचलायला लावले. चकत्या वाढवत नेल्या तशी उचललेल्यांची संख्या वाढली, पण हळूहळू वाढ मंदावली. कारण चकती सापडली तरी ती काढून बाजूला ठेवायला वेळ लागतोच. व्होल्तेरांच्या भक्षकाला पहिल्यांदा हात आणि घड्याळ मिळाले ते इथे. हॉलिंगने मग ओंटारिओतल्या पाइनच्या लागवडीत चिचुंद्र्या आणि उंदीर जमिनीतले सॉफ्लाय किड्याचे कोश कसे खातात ते तपासले. कोश तुरळक असताना ते त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नव्हते. एका पातळीच्या वर गेले की मात्र तुटून पडत होते.

हॉलंडमध्ये लुक टिनबर्गेनने ग्रेट टिट पक्ष्यांत हेच पाहिले होते. पाइनच्या रानात नव्या जातीची अळी निघाली की पहिले काही दिवस पक्षी तिला जणू पाहतच नाहीत. ती पुरेशी वाढली की एकाएकी त्यांची नजर तिच्यावर बसते आणि पिल्लांसाठी तीच अळी घरट्यात येऊ लागते. त्याचे म्हणणे असे की पक्ष्याच्या मनात त्या अळीचे चित्र ठसावे लागते. या लुकचे दोन थोरले भाऊ, यान आणि निको, पुढे नोबेल मानकरी झाले. लुक १९५५ मध्ये तरुणपणीच गेला आणि त्याचे हे काम १९६० साली मागाहून छापले गेले. ज्या जातीची गर्दी झाली तिच्यावर जास्त धाड आणि दुर्मीळ झालेल्याकडे दुर्लक्ष, ही सवय असलेला भक्षक नकळत दुबळ्याला श्वास घ्यायला जागा देतो. पण ही सवय सगळ्यांना नसते. विल्यम मर्डॉकने शिंपले पोखरून खाणाऱ्या समुद्री गोगलगायींवर प्रयोग केले तेव्हा दिसले की आवड फिकी असेल तर गोगलगाय जे जास्त आहे त्याकडे वळते. आवड पक्की असेल तर आवडते शिंपले संपत आले तरी तिचा हट्ट सुटत नाही.

आवडीचा हा प्रश्न सबंध किनाऱ्याचे रूप ठरवू शकतो. रॉबर्ट पेनने वॉशिंग्टन राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, माका उपसागराच्या खडकांवरून, तारामासे उपटून समुद्रात फेकून दिले आणि पुन्हा पुन्हा फेकत राहिला. कोकण-गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात त्यांची तिथली भावंडे हे या तारामाशाचे आवडते खाणे. तो शिंपल्याच्या फटीतून आपले जठरच आत सरकवतो आणि मांस जागच्या जागी पचवतो. तारामासा गेल्यावर शिंपले खडकभर पसरले, इतरांना जागा उरली नाही, आणि पंधरा जातींच्या आठ झाल्या. १९६६ सालचा हा लेख आता सर्वश्रुत आहे, आणि शिकारी असला की विविधता वाढते असा सोपा धडा त्यातून अनेकांनी घेतला.

त्या सोप्या धड्याला चाप लावला तो जेन लुबचेंको यांनी. अमेरिकेच्या दुसऱ्या, न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्यांनी पेरिविंकल नावाची एक सामान्य गोगलगाय अभ्यासली. तिला एक मऊ हिरवे शैवाल फार आवडते. जाड, चिवट शैवालांना ती सहसा तोंड लावत नाही. ओहोटीनंतर खडकांत साचून राहणाऱ्या पाण्याच्या डबक्यांत हे मऊ शैवालच सगळ्यांवर कुरघोडी करते. तिथे गोगलगायी बेताच्या असल्या तर त्या दादाला आवर बसतो आणि कितीतरी जाती वाढतात. अगदीच नसल्या तर एकटे मऊ शैवाल, फारच झाल्या तर एकटे चिवट शैवाल. पण डबक्याबाहेर, उघड्या पडणाऱ्या खडकावर, मऊ शैवाल मुळातच दुबळे. तिथे चिवट शैवालांचे राज्य. तिथेही गोगलगायीची आवड तीच, म्हणून तिथे ती पडत्याला आणखी पाडते आणि विविधता घटते. हातभर अंतरावर तीच गोगलगाय एकीकडे जाती वाचवते नि दुसरीकडे संपवते. भक्षकाची आवड आणि भक्ष्यांतली बलाबले, दोन्ही माहीत असल्याखेरीज काहीच बोलता येत नाही. १९७८ चा हा लेख मला पेनच्या लेखाहून सरस वाटतो.

याच सुमारास गणिती मंडळींनी मोठाच पेच उभा केला होता. जितक्या जास्त जाती आणि जितके जास्त धागे तितके जाळे घट्ट, असा चार्ल्स एल्टनसारख्या जुन्या निसर्गअभ्यासकांचा विश्वास. मूळचा भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या रॉबर्ट मे याने १९७२ साली ‘नेचर’मध्ये दाखवले की धागे वाटेल तसे जोडलेले असतील तर गोष्ट नेमकी उलट होते, जाती आणि धागे एका मर्यादेपलीकडे गेले की जाळे जवळजवळ नक्कीच कोसळते. गणित बिनचूक होते. सदाहरित जंगले आणि प्रवाळबेटेही समोर होती, हजारो जातींनी गजबजलेली. अनेक उत्तरे सुचवली गेली. त्यांपैकी या पुस्तकाच्या विषयाला थेट भिडणारे उत्तर २००३ साली मिचिओ कोंदो या जपानी शास्त्रज्ञाने ‘सायन्स’मध्ये दिले. त्याने संगणकावरच्या जाळ्यांत खाणाऱ्यांना थोडी अक्कल दिली: ज्या भक्ष्यातून जास्त पदरात पडते त्यावर श्रम वाढवा, बाकीच्यांवरचे कमी करा. एवढ्याने चित्र पालटले. भक्ष्य दुर्मीळ झाले की खाणारे त्याचा नाद सोडतात, ते सावरते, पुन्हा वाढले की पुन्हा खाल्ले जाते. मग जास्त जाती आणि जास्त धागे म्हणजे वळायला जास्त वाटा, आणि गुंतागुंत जाळ्याला तारू लागते. त्याच वर्षी या मांडणीवर टीकाही झाली. जाळ्याची मूळ वीण कशी धरली यावर निकाल अवलंबून राहतो, असा आक्षेप होता. तो आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही बाण स्थिर धरून केलेले गणित प्राण्यांच्या जगाला लागू करताना जपून राहावे, एवढे कोंदोने नक्की शिकवले.

खाण्यातून शेजाऱ्याला मिळणारी मदत हा भाग या शास्त्रात उशिरा आला. कान्हाच्या जंगलात वानरे झाडावर खात असतात तेव्हा खाली चितळ गोळा होतात. वानर हे उधळे खाणारे. अर्धी चावलेली फळे, मोडलेल्या डहाळ्या, पाने खाली पडत राहतात. पॉल न्यूटनने १९८० च्या दशकात हे तपासले. उन्हाळ्यात गवत वाळल्यावर चितळांना या खैरातीचा मोठा आधार होतो, आणि वाघ-बिबट्या दिसताच दोघेही एकमेकांच्या इशाऱ्यावर सावध होतात. नुसत्या बाणांच्या चित्रात वानर आणि चितळ हे पाल्यासाठीचे प्रतिस्पर्धी म्हणून दाखवावे लागतील.

भीतीचेही तसेच. वाळूत बिया मिसळून ट्रे ठेवायचा आणि प्राणी किती बिया मागे सोडून जातो ते मोजायचे, ही जोएल ब्राउनची १९८८ ची युक्ती फार साधी आहे. उघड्यावर शिकाऱ्याची धास्ती जास्त, म्हणून तिथल्या ट्रेमध्ये जास्त बिया उरतात, झुडपाजवळच्यात कमी. त्या उरलेल्या बिया म्हणजे दुसऱ्या कोणाचे, जास्त धीट किंवा जास्त उपाशी प्राण्याचे, अन्न.

शेवटी महाराष्ट्रातला एक अभ्यास, कारण या विषयाला जंगलाची हद्द नाही. अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात हरणे नाहीत, बिबटे आहेत. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बिबट्यांची विष्ठा तपासली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बिबट्याच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा होता आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी बिबट्याची पसंती कुत्र्याला. शेळी दिवसा गुराख्याबरोबर असते आणि रात्री गोठ्यात कोंडलेली. कुत्रे रात्रभर मोकळे, आणि ते चोरीला गेले म्हणून कोणी पंचनामा मागत नाही. याच विष्ठेत उंदीर, माकड, मुंगूस आणि उदमांजर यांचेही अवशेष सापडले. रॉबर्ट होल्टने १९७७ साली दाखवले होते की दोन भक्ष्यांची आपसात गाठही पडत नसली तरी सामायिक भक्षकामार्फत एक दुसऱ्याचे नुकसान करू शकते: पहिले भक्षकाला पोसते, पोसलेला भक्षक दुसऱ्याला खातो. ढोरांच्या मढ्यांवर आणि आपल्या उकिरड्यांवर वाढलेली कुत्री बिबट्याला पोसत असतील, तर उसातल्या मुंगसावर आणि उदमांजरावर त्याचा भार पडतो का? की कुत्री सहज मिळतात म्हणून त्यांच्यावरचा भार हलका होतो? हॉलिंग आणि मर्डॉक यांच्या प्रयोगांवरून दोन्ही शक्य आहे.

उत्तर शोधण्याची साधने आता हातात आहेत. केनियातल्या एम्पाला इथे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात मोठ्या शाकाहारी प्राण्यांच्या लेंड्या-शेणातल्या डीएनएवरून त्यांनी खाल्लेल्या वनस्पती ओळखल्या गेल्या. तोवर दोन जातींचे झेब्रे आणि रानम्हशी सगळे ‘गवत खाणारे’ म्हणून एका रकान्यात टाकले जात होते. शेणाने सांगितले की गवतातही प्रत्येकाच्या जाती आणि त्यांचे प्रमाण निराळे, दोन्ही झेब्र्यांचेसुद्धा. उसाच्या फडातली मुंगसे, उदमांजरे आणि कुत्री यांच्या बाबतीत हे काम करायला एक तरुण संशोधक, पिशव्यांचा गठ्ठा आणि पहाटे पायवाटा तुडवायची तयारी पुरेशी आहे.